दोन लिटरच्या इंजिनावरील टर्बो लॅग कमी करण्यासाठी नेमके कोणते भाग बदलावेत?

वळणवाट

नमस्कार मंडळी. माझी गाडी निसान सिल्व्हिया एस-१५ असून तिच्यात मूळचेच एसआर२०डीईटी, म्हणजे १,९९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. कारखान्यातून ही गाडी टी-२८ जातीच्या टर्बोसह (एक्झॉस्ट वायूने टर्बाइन फिरवून त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्तीची हवा भरणारे यंत्र) २५० अश्वशक्तीची म्हणून बाहेर पडत असे. आधीच्या मालकाने तो टर्बो काढून त्या जागी गॅरेटचा जीटी३०७६आर बसवला. टर्बाइन हाउसिंग ०.८२ ए/आरचे (ए/आर म्हणजे त्यातल्या वायूच्या वाटेचे माप), वेस्टगेट (जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) त्याच हाउसिंगमधला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टीलच्या नळ्यांचा आणि पुढे दाबलेली हवा थंड करणारा बराच मोठा इंटरकूलर, अशी सध्याची रचना आहे. बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जास्तीचा हवेचा दाब, १.२ बारवर ठेवला आहे.

गाडी मी मुख्यतः बंदिस्त ट्रॅकवर चालवतो. वळणाच्या मध्यापर्यंत सर्व काही सुरळीत असते, पण बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबला की काही क्षण काहीच घडत नाही, आणि मग सगळी ताकद एकदम येऊन मागची चाके घसरू लागतात. अशा वेळी पाय किती दाबावा याचा अंदाजच बांधता येत नाही. मला साधारण ३५० अश्वशक्ती पुरेशी आहे, परंतु ती पायाच्या हुकमात हवी आहे.

लहान टर्बाइन हाउसिंग, बिलेट (अखंड ठोकळ्यातून कोरलेले) कॉम्प्रेसर व्हील, ट्विन-स्क्रोल (दोन वेगळ्या वायुमार्गांचा) मॅनिफोल्ड, लहान इंटरकूलर किंवा पूर्णपणे वेगळा टर्बो, असे पर्याय मला सुचवले गेले आहेत. यांपैकी कशाने खरोखर फरक पडेल, आणि का, हे समजून घेऊन मगच खरेदी करावी असे वाटते.

चौथा गिअर

खरेदीच्या आधी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे, कारण बोलताना आपण दोन्हींना लॅग म्हणतो आणि उपाय मात्र दोघांचे वेगळे आहेत. एक आहे बूस्टचा उंबरठा. ठरावीक आरपीएमच्या खाली इंजिनातून निघणारा एक्झॉस्ट वायूच इतका कमी असतो की अॅक्सिलरेटर कितीही वेळ दाबून धरला तरी टर्बाइनला पुरेशी शक्ती मिळत नाही. दुसरा आहे खरा लॅग. इंजिन त्या उंबरठ्याच्या वर फिरत असतानाही, पाय दाबल्यापासून बूस्ट पूर्ण तयार होईपर्यंत जो वेळ जातो तो लॅग. उंबरठा आरपीएममध्ये मोजायचा आणि लॅग सेकंदांत.

तपासण्याची पद्धत अशी. ट्रॅकवर किंवा डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) दुसऱ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमपासून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून वरपर्यंत जा आणि बूस्ट १.२ बारला कोणत्या आरपीएमवर पोचतो ते नोंदवा. मग हेच चौथ्या गिअरमध्ये करा. चौथ्यात आरपीएम हळू वाढतात, त्यामुळे टर्बोला गती घ्यायला अधिक वेळ मिळतो. दोन्ही गिअरमध्ये बूस्ट जवळपास एकाच आरपीएमवर भरत असेल, तर अडचण उंबरठ्याची आहे आणि हाउसिंग किंवा टर्बोचा आकार चुकला आहे. दुसऱ्या गिअरमध्ये तो बराच उशिरा भरत असेल, तर फिरणाऱ्या भागांचे जडत्व, गळती किंवा वेस्टगेटचे नियंत्रण यांपैकी काहीतरी आड येत आहे. शिवाय ५,००० आरपीएमवर गाडी स्थिर ठेवून एकदम पाय दाबा आणि लक्ष्याच्या ९० टक्के बूस्ट यायला किती वेळ लागतो ते पाहा.

हे आकडे हाती नसताना भाग सुचवणे म्हणजे ताप न मोजता औषध देण्यासारखे होईल.

नकाशावाचक

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. नोंदी येईपर्यंत आकारमानाचा हिशेब मांडून ठेवतो, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्यात दिसते.

दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरते, म्हणून ७,००० आरपीएमला ते मिनिटाला ७,००० लिटर हवा ओढू शकते. भरण्याची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर ६,६५० लिटर होतात. १.२ बार बूस्ट म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये साधारण २.२ बार निरपेक्ष दाब. इंटरकूलरनंतर हवेचे तापमान ५० अंश सेल्सिअस धरले, तर तिची घनता घनमीटरला सुमारे २.३७ किलो येते. गुणाकार केला की मिनिटाला १५.८ किलो हवा मिळते. पेट्रोल इंजिनाबाबत मिनिटाला एक किलो हवेमागे साधारण २२ अश्वशक्ती हा प्रचलित ठोकताळा लावला, तर सुमारे ३४८ अश्वशक्ती होते. म्हणजे तुम्हाला हवी असलेली शक्ती आजच्याच बूस्टवर मिळते.

आता टर्बोकडे पाहू. गॅरेट जीटी३०७६आरची क्षमता ५२५ अश्वशक्तीपर्यंत सांगते. तुम्हाला हवे आहेत ३५०, आणि जी क्षमता तुम्ही कधीच वापरणार नाही तिचे वजन मात्र प्रत्येक वळणातून बाहेर पडताना फिरवत आहात. अधिक क्षमतेचा टर्बो घेऊन ठेवला तर पुढे कामाला येईल, असा विचार अनेक जण करतात. घरगुती वापराच्या वस्तूंमध्ये तो खपूनही जातो, परंतु टर्बोच्या बाबतीत त्याची किंमत रोज मोजावी लागते, आणि म्हणून मी या सल्ल्याच्या ठाम विरोधात आहे.

लहान हाउसिंगबद्दल एक इशारा. कॉम्प्रेसरचा नकाशा काढून बसा. त्याच्या आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह आणि उभ्या अक्षावर दाबांचे गुणोत्तर असते. फिल्टरमध्ये ०.०५ बार आणि इंटरकूलरमध्ये ०.१ बार दाब जातो असे धरल्यास तुमचे गुणोत्तर २.४ च्या आसपास येते. समजा, लहान हाउसिंग लावून तुम्ही ३,००० आरपीएमलाच १.२ बार मिळवलात. त्या वेळी इंजिन मिनिटाला जेमतेम ६.४ किलो हवा घेईल. ७६ मिलिमीटरच्या कॉम्प्रेसरच्या नकाशावर हा बिंदू सर्ज रेषेच्या डावीकडे पडतो, म्हणजे हवा पुढे जाण्याऐवजी उलटून व्हीलवर आदळू लागते, बूस्टचा काटा थरथरतो आणि बेअरिंगवर घाव बसतात. टर्बाइन लहान केले आणि कॉम्प्रेसर मोठाच ठेवला, तर लॅग थोडा कमी होतो, पण ही नवी व्याधी मागे लागते. दोन्ही बाजूंचा मेळ बसलाच पाहिजे.

तप्तधातू

नकाशावाचक यांनी कॉम्प्रेसरची बाजू उत्तम मांडली आहे. मी टर्बाइनच्या बाजूबद्दल लिहितो, कारण बिलेट व्हीलची जाहिरात जितकी होते तितकी चर्चा या बाजूची होत नाही.

एकाच शाफ्टवर दोन व्हील असतात. कॉम्प्रेसरचे व्हील अॅल्युमिनियमचे असते, ज्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम आहे. टर्बाइनचे व्हील इन्कोनेलसारख्या निकेल मिश्रधातूचे असते आणि त्याची घनता ८ ग्रॅमच्या आसपास आहे. दोघांचे आकार जवळपास सारखे असतील, तर शाफ्टचे बहुतांश जडत्व टर्बाइनकडे असणार हे उघड आहे. म्हणून त्याच मापाचे ओतीव कॉम्प्रेसर व्हील काढून बिलेट लावल्याने लॅगमध्ये जाणवण्याजोगा फरक पडत नाही. अखंड ठोकळ्यातून कोरलेल्या व्हीलचा खरा फायदा वेगळा आहे. त्याची पाती पातळ आणि अधिक नेमक्या आकाराची करता येतात, त्यामुळे तेवढ्याच व्यासात अधिक हवा जाते. म्हणजे बिलेट तंत्रामुळे लहान व्यासाचे व्हील निवडणे शक्य होते, आणि फायदा त्या लहान व्यासातून येतो.

व्यासाचे महत्त्व किती? सारख्याच घडणीच्या व्हीलचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. व्यास १० टक्क्यांनी कमी केला तर जडत्व ५९ टक्क्यांवर येते. जीटी३० मालिकेचे टर्बाइन व्हील ६० मिलिमीटरचे आहे आणि गॅरेटच्या नव्या जी२५ मालिकेचे ५४ मिलिमीटरचे, म्हणजे फरक नेमका १० टक्क्यांचा आहे.

साहित्य बदलूनही हेच साधता येते. निसानने आर३२ स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६डीईटीटी इंजिनावर १९८९ मध्ये सिरॅमिक टर्बाइन दिले होते. ते हलके होते आणि लवकर गती घेत असे, परंतु बूस्ट वाढवला की ते शाफ्टपासून सुटते, ही त्या गाडीची सर्वपरिचित दुखरी बाजू आहे. मित्सुबिशीने लॅन्सर इव्होल्यूशनच्या काही आवृत्त्यांवर टायटॅनियम अॅल्युमिनाइडचे टर्बाइन दिले, ज्याची घनता इन्कोनेलच्या साधारण निम्मी असते. असे व्हील सुट्या भागांच्या बाजारात तुमच्या मापात सहज मिळत नाही, त्यामुळे तुमच्यापुढे खरा पर्याय व्यासाचाच उरतो.

नकाशावाचक

तप्तधातू यांच्या मांडणीत एक भर घालणे मला आवश्यक वाटते, नाहीतर वाचणाऱ्यांच्या अपेक्षा नको तितक्या वाढतील. जडत्व पाचव्या घाताने कमी होते हे बरोबर आहे, परंतु लहान व्हीलला तोच दाब निर्माण करायला अधिक वेगाने फिरावे लागते, कारण दाब पात्यांच्या टोकाच्या वेगावर अवलंबून असतो. टर्बाइनला साठवावी लागणारी ऊर्जा जडत्व आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते. दोन्ही व्हील एकाच प्रमाणात लहान केली, तर ही ऊर्जा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटते. १० टक्के लहान व्यासाला बचत ४१ टक्के नसून २७ टक्के आहे. तीही मोठीच आहे. मात्र कॉम्प्रेसर टर्बाइनपेक्षा जास्त लहान केला, तर शाफ्टचा वेग आणखी वाढतो आणि टर्बाइनच्या बाजूची बचत त्यात खर्ची पडते. त्या नव्या मालिकेतल्या जी२५-५५० या टर्बोमध्ये कॉम्प्रेसर व्हील ६० मिलिमीटरचे आहे, म्हणून तिथली बचत मुख्यतः कॉम्प्रेसरकडून येते आणि उरलेला फायदा टर्बाइनमधील वायूच्या लहान वाटेचा असतो.

तप्तधातू

ही भर मान्य आहे आणि तिच्यामुळे चित्र अधिक नेमके झाले. वायूच्या वाटेचा विषय निघालाच आहे, तर ए/आरबद्दल थोडे लिहितो. हाउसिंगच्या तोंडाचे क्षेत्रफळ भागिले त्या क्षेत्राच्या मध्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे ए/आर. ते लहान असले की वायू अधिक वेगाने पात्यांवर आदळतो आणि टर्बाइन लवकर गती घेते, परंतु वरच्या आरपीएमला तीच वाट अरुंद पडून मॅनिफोल्डमध्ये दाब साठू लागतो. जीटी३० साठी ०.६३, ०.८२ आणि १.०६ अशी हाउसिंग मिळतात. दोन लिटरच्या इंजिनावर ३५० अश्वशक्तीसाठी ०.६३ पुरते.

टर्बाइनच्या आधीचा हा दाब मोजता येतो आणि तो अवश्य मोजावा. मॅनिफोल्डवर एक छोटे बॉस वेल्ड करून त्यातून स्टीलची बारीक नळी काढतात, उष्णता उतरावी म्हणून तिला काही वेटोळी देतात आणि मग तिच्या टोकाला दाबमापक जोडतात. हा दाब बूस्टच्या दुपटीच्या पुढे जाऊ लागला, तर व्हॉल्व्ह ओव्हरलॅपच्या काळात (इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना) जळालेला वायू सिलिंडरमध्ये परत शिरतो, नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटण्याची) शक्यता वाढते आणि ट्यूनरला, म्हणजे इंजिनाचे मॅपिंग जुळवणाऱ्याला, इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घ्यावे लागते. लॅग कमी झाला तरी वरच्या टोकाची ताकद जाते.

समान लांबी

ट्विन-स्क्रोलबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. एसआर२० चा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट स्ट्रोक संपत आलेला असतो आणि त्याचे इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलेले असतात, त्याच वेळी पुढच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून जोराचा झोत बाहेर पडतो. एकाच नळीत आल्यामुळे तो झोत आधीच्या सिलिंडरकडेही ढकलला जातो. १ व ४ एका मार्गात आणि २ व ३ दुसऱ्या मार्गात घेतले, तर प्रत्येक मार्गात दोन झोतांमध्ये क्रँकचे ३६० अंशांचे अंतर पडते. झोत एकमेकांना अडवत नाहीत आणि त्यांच्यातली ऊर्जा थेट टर्बाइनपर्यंत पोचते. मित्सुबिशीने १९९६ च्या लॅन्सर इव्होल्यूशन ४ पासून हीच रचना वापरली. माझ्या अनुभवात कमी आरपीएमवरचा प्रतिसाद सुधारण्यासाठी याइतका प्रामाणिक दुसरा उपाय नाही.

चौथा गिअर

तत्त्व निर्विवाद आहे, पण या गाडीसाठी तो पहिला उपाय असावा असे मला वाटत नाही. ट्विन-स्क्रोलचा लाभ हवा असेल तर मॅनिफोल्ड, टर्बाइन हाउसिंग आणि वेस्टगेट या तिन्ही ठिकाणी दोन मार्ग शेवटपर्यंत वेगळे राहिले पाहिजेत. अनेक तयार मॅनिफोल्डमध्ये वेस्टगेटच्या नळीपाशी दोन्ही मार्ग एक केलेले असतात, आणि मग खर्च दुप्पट होऊन लाभ अर्ध्यावर येतो. एकतर दोन स्वतंत्र वेस्टगेट लावावेत किंवा झडपेपर्यंत भिंत असलेला एकच घ्यावा. ज्याला टर्बोही बदलायचा आहे आणि मॅनिफोल्डही, त्याने हा मार्ग अवश्य निवडावा. ज्याचा टर्बोच गरजेपेक्षा मोठा आहे, त्याने आधी टर्बो योग्य मापाचा करावा.

समान लांबी

वेस्टगेटपाशी दोन्ही मार्ग एक करण्याचा मुद्दा अगदी योग्य आहे, तशी कामे मीही पाहिली आहेत. तरीही माझे मत कायम आहे. मॅनिफोल्ड नव्याने बनवायचाच असेल तर एकेरी मार्गाचा बनवू नये.

वळणवाट

सर्वांचे मनापासून आभार. इंटरकूलरचे काय? तो लहान केल्यास भरण्याची जागा कमी होईल आणि बूस्ट लवकर येईल, असे मला खात्रीने सांगण्यात आले होते. आणि अँटी-लॅगचाही सल्ला मिळाला आहे.

नकाशावाचक

इंटरकूलरला हात लावू नका. हिशेब सोपा आहे. समजा, लहान इंटरकूलर आणि आखूड नळ्यांमुळे तीन लिटर जागा वाचली. ती १.२ बारपर्यंत भरायला सुमारे ३.६ लिटर मोकळी हवा लागते. ४,००० आरपीएमवर तुमचे इंजिन बूस्टशिवायही सेकंदाला ६० लिटर हवा घेते. भरताना कॉम्प्रेसरची सगळी हवा त्या जागेला मिळत नाही, इंजिनाला देऊन उरलेलीच मिळते हे लक्षात घेऊन हा वेळ काही पटींनी वाढवला, तरी तो सेकंदाच्या अंशातच राहतो. त्या बदल्यात हवा गरम येईल, ट्यूनरला इग्निशन मागे घ्यावे लागेल, आणि ट्रॅकवर सलग फेऱ्या मारताना ही किंमत फार मोठी ठरते. नळ्यांमधली अनावश्यक वळणे काढणे मात्र योग्यच आहे.

अँटी-लॅगमध्ये पाय उचललेला असतानाही हवा आणि इंधन एक्झॉस्टमध्ये जाळून टर्बाइन फिरते ठेवतात. रॅलीच्या गाड्यांसाठी ते ठीक आहे, कारण तिथे टर्बो हा ठरावीक अंतराने बदलायचाच भाग असतो. तुमच्या गाडीत टर्बाइन, मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांचे आयुष्य त्याने झपाट्याने घटेल. कृपया तो विचार सोडून द्या.

तप्तधातू

टर्बाइननंतरची बाजूही पाहा. टर्बाइनला शक्ती मिळते ती तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांतील फरकातून, म्हणून मागच्या बाजूचा अडथळा जितका कमी तितके चांगले. तुमच्या शक्तीसाठी तीन इंची डाउनपाइप (टर्बाइनमधून निघणारा एक्झॉस्टचा पहिला नळ) योग्य आहे, आणि टर्बोच्या तोंडाशीच तीव्र वळण नसावे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याची गरज नाही. जास्त प्रवाहाचा कन्व्हर्टर लावल्यास अडथळा फार थोडा राहतो आणि उत्सर्जनाचा नियमही मोडत नाही.

मॅनिफोल्डमधील उष्णता बाहेर पडू न देणे हा कमी खर्चाचा आणि सोपा उपाय आहे. वायू थंड झाला की त्याचे आकारमान आणि वेग दोन्ही घटतात. टर्बाइन हाउसिंगवर उष्णतारोधक आवरण घाला. स्टीलच्या नळ्यांवर पट्टी गुंडाळताना मात्र विचार करा, कारण साध्या स्टीलच्या किंवा पातळ नळ्यांना पट्टीखाली तडे जातात आणि ते दिसतही नाहीत. त्यापेक्षा सिरॅमिकचा लेप मला अधिक सुरक्षित वाटतो.

वळणवाट

नोंदी घेतल्या आहेत. चौथ्या गिअरमध्ये १.२ बार ४,४०० आरपीएमला येतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये ५,००० च्या थोडा पुढे. ५,००० वर स्थिर ठेवून पाय दाबल्यास ९० टक्के बूस्ट यायला सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. आलेख पाहताना आणखी एक गोष्ट दिसली. बूस्टची रेषा ०.६ बारपर्यंत ताठ चढते आणि तिथून पुढे ती स्पष्टपणे आडवी कलते.

चौथा गिअर

दोन्ही गिअरमध्ये सहाशे आरपीएमचा फरक आहे, त्यामुळे उंबरठा उंच आहेच, पण लॅगही मोठा आहे. ०.६ बारवरचा कल तर फार बोलका आहे. वेस्टगेटची झडप तिथेच किलकिली होऊ लागली असणार. अॅक्च्युएटरच्या (बूस्टच्या दाबाने ही झडप उघडणाऱ्या भागाच्या) दांड्याला पुरेसा ताण दिलेला नसेल, किंवा बूस्ट कंट्रोलर अॅक्च्युएटरपर्यंत दाब आधीपासूनच पोचवत असेल, तर लक्ष्य गाठण्याच्या कितीतरी आधी वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. झडप बंद असताना दांडा छिद्रापेक्षा किंचित आखूड असावा आणि तो ओढून बसवावा लागावा. कंट्रोलर साध्या हाती झडपेचा असेल, तर इंजिन कंट्रोल युनिटवर चालणारा तीन तोंडांचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी झडप) घ्या, जो लक्ष्याच्या जवळ येईपर्यंत अॅक्च्युएटरला दाब मिळूच देत नाही.

त्याच बैठकीत गळतीही तपासा. टर्बोच्या तोंडाला बूच लावून १ बारपर्यंत हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा पडदा आणि थ्रॉटल बॉडीजवळचा जोड विसरू नका. एक्झॉस्टच्या बाजूला मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्या फ्लँजवर (जोडाच्या चपट्या कडेवर) काजळीची काळी रेघ दिसते का तेही पाहा. तिथून निसटणारा वायू टर्बाइनच्या हक्काचा असतो.

वळणवाट

तपासणी पूर्ण झाली. इंटरकूलरच्या गरम बाजूच्या सिलिकॉन नळीवर, क्लॅम्पच्या खालच्या कडेला, जिथे वरून पाहिल्यास काहीच दिसत नाही, तिथे साबणाचा फेस सतत फुगत होता. क्लॅम्प नळीच्या टोकावर घसरून अर्धाच पकडत होता. टर्बोच्या फ्लँजवर काजळीची बोटभर लांब रेघ मिळाली आणि गॅस्केट एका कोपऱ्यात जळलेले निघाले. वेस्टगेटचा दांडा हाताने हलत होता, म्हणजे ताण जवळजवळ नव्हताच.

क्लॅम्प आणि गॅस्केट बदलले, दांडा आखूड करून बसवला, सोलेनॉइड लावला आणि मॅपिंग नव्याने करून घेतले. आता चौथ्या गिअरमध्ये पूर्ण बूस्ट ४,००० च्या आसपास येतो आणि ०.६ बारवरचा कल नाहीसा झाला आहे. दुसऱ्या गिअरमध्येही सुधारणा आहे, परंतु वळणातून बाहेर पडताना वाट पाहावी लागते ती लागतेच. म्हणून टर्बो बदलण्याचा निर्णय घेतला आहे. जीटी२८७१आर आणि जी२५-५५० यांपैकी कोणता घ्यावा?

नकाशावाचक

जीटी२८७१आरची क्षमता ४७५ अश्वशक्तीपर्यंत सांगितली जाते, म्हणजे तुमच्या गरजेला तो पुरून उरतो. त्याचे टर्बाइन व्हील सुमारे ५४ मिलिमीटरचे आहे आणि टी-२५ फ्लँजच्या हाउसिंगसह तो मूळ नमुन्याच्या मॅनिफोल्डवर बसतो. जी२५-५५० नव्या पिढीचा आहे. त्याची दोन्ही व्हील अधिक कार्यक्षम असून टर्बाइनचा धातू अधिक उष्णता सहन करतो. निव्वळ कामगिरीवर निवडायचे असेल तर मी जी२५-५५० ला ०.७२ च्या हाउसिंगसह घेईन. ०.४९ दोन लिटरला वरच्या आरपीएमवर कोंडेल. मात्र फ्लँज, डाउनपाइप आणि वेस्टगेट यांची जुळणी कागदावर पूर्ण केल्याशिवाय मागणी नोंदवू नका.

मॅपिंगच्या वेळी ट्यूनरला आणखी एक गोष्ट सांगा. एस-१५ च्या इनटेक कॅमवर व्हीटीसी, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा, आहे. ती कोणत्या आरपीएमला सुटावी हा बिंदू मूळ टर्बोसाठी ठरवलेला असतो. नव्या टर्बोसाठी तो डायनोवर पुढे-मागे करून शोधावा लागतो. यात एकही भाग विकत न घेता मधल्या आरपीएमची ताकद वाढते, तरीही हे काम बहुतेक वेळा राहून जाते याचे मला वाईट वाटते.

समान लांबी

फ्लँज बदलणार असेल तर मॅनिफोल्डही बदलणार. मग माझ्या आधीच्या प्रतिसादाचा पुन्हा एकदा विचार व्हावा, एवढीच विनंती.

वळणवाट

विचार केला. जागा मोजून पाहिली असता स्टीअरिंगच्या शाफ्टजवळ दुसऱ्या वेस्टगेटला नीट बसेल असे अंतर मिळत नाही. म्हणून एकेरी मार्गाचा, आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड आणि जी२५-५५० ०.७२ हाउसिंगसह घेत आहे. बसवताना काय सांभाळावे?

वंगणरेषा

तेलाची व्यवस्था सांभाळा. नवे टर्बो बसवल्यावर लवकर खराब होतात त्यांतले बरेचसे तेलामुळे, आणि दोष मात्र टर्बोला दिला जातो.

बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल कमी लागते. जास्त दाबाने दिले तर ते सीलमधून टर्बाइनकडे निघते आणि एक्झॉस्टमधून निळा धूर येतो. गॅरेटची शिफारस अशी आहे की इंजिनाच्या कमाल आरपीएमला टर्बोपाशी तेलाचा दाब ४० ते ४५ पीएसआय असावा. दाब त्याहून अधिक असेल तर पुरवठ्याच्या नळीत सुमारे १ मिलिमीटर छिद्राचा रिस्ट्रिक्टर लावावा. हे छिद्र इतके बारीक असते की जुन्या नळीतील रबराचा एक कण पुरेसा होतो, म्हणून नळी नवीनच घ्या.

परतीची नळी आतून किमान १२ ते १३ मिलिमीटर व्यासाची हवी, सतत खाली उतरती हवी आणि संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रातल्या) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. तेल तिच्यातून फक्त गुरुत्वाकर्षणाने उतरते. बेअरिंग हाउसिंग शाफ्टभोवती फिरवून बसवताना तेल निघण्याचे तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका. पाण्याच्या दोन्ही नळ्या जोडा, कारण इंजिन बंद केल्यावर टर्बाइनची उष्णता बेअरिंगपर्यंत पोचते तेव्हा ती वाहून नेण्याचे काम पाणीच करते.

पहिल्यांदा सुरू करताना इंधनाचा फ्यूज काढून स्टार्टरवर इंजिन थोडे थोडे फिरवा, आणि परतीच्या नळीच्या टोकातून तेल पडताना डोळ्यांनी पाहिल्यावरच ती संपला जोडून फ्यूज परत लावा.